पाते आणि परज

शस्त्रसंग्रहाचा ज्यांना छंद आहे, त्यांच्यात अलीकडे एका विशिष्ट प्रकारच्या सुऱ्यांना मोठी मागणी असते. एखादा नामांकित कारखाना स्वतंत्रपणे काम करणाऱ्या निष्णात कारागिराला पाचारण करतो, त्याच्या आराखड्याबरहुकूम मोजकेच नग घडवतो आणि पात्यावर दोघांचीही नाममुद्रा उमटवतो. एक वस्तू आणि दोन कर्ते, हे त्या सुऱ्यांचे वैशिष्ट्य. परंतु दख्खनला ही रीत नवी नाही. आज ज्याला आपण जालना जिल्हा म्हणतो त्या प्रदेशातून शतकानुशतके ज्या फौजा आल्या-गेल्या, त्यांच्या कित्येक तलवारींचे पाते एका खंडात आणि मूठ दुसऱ्या खंडात घडलेली असे. भेद एवढाच, की पाते घडवणाऱ्याची मुद्रा पोलादावर राहिली आणि मूठ चढवणाऱ्या हाताचे नाव कोणत्याही दफ्तरात चढले नाही.

युरोपीय पाती गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत, घाटावर चढत आणि येथील कारागिरांच्या हाती पडून ‘फिरंग’ या नावाने नवा जन्म घेत. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून परत मिळवली, ती या प्रकाराचे उत्तम उदाहरण आहे. तिचे पाते युरोपीय बनावटीचे; मूठ मात्र कोफ्तगिरीने, म्हणजे ठोकून बसवलेल्या सोन्याच्या नक्षीने, नटलेली अस्सल मराठा धाटणीची; आणि पात्याच्या पाठीवर सोन्याने कोरलेल्या देवनागरी लेखात धन्याचे नाव, त्याचा ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि अखेरीस ‘फिरंग’ हा शब्द. परक्या पोलादाचे परकेपण न लपवता त्याला सन्मानाने आपलेसे करणारी अशी नोंद क्वचितच आढळते.

या रघूजींचे नातू दुसरे रघूजी, दौलतराव शिंद्यांसह २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेसमोर उभे राहिले. त्या महिन्याच्या आरंभीच निजामाच्या तैनाती फौजेचा सेनापती स्टीव्हन्सन याने जालन्याचा किल्ला घेतला होता. पुढे जालन्यास छावणी वसली आणि निजामाच्या नावाने, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकुमतीत चालणारे हैदराबाद कंटिंजंट १९०३ पर्यंत तेथे राहिले. या कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार दोन्ही आपल्या पदरचे आणी, आणि म्हणूनच तलवारीच्या धारेची काळजी तो शेतकरी बैलजोडीची घेतो तशी घेई.

या शिलेदारांच्या कंबरेला असलेल्या तलवारींचे मूळ शोधू गेल्यास मोठी मौजेची साखळी हाती लागते. इंग्लंडात १७९६ साली हलक्या घोडदळासाठी जो वक्र तलवारीचा नमुना मंजूर झाला, तो ल मार्शां नावाच्या घोडदळी अधिकाऱ्याने बर्मिंगहॅमचा तलवारकर्ता हेन्री ऑस्बॉर्न याच्या साहाय्याने सिद्ध केला होता. म्हणजे जन्मतःच ते पाते जाणकार आणि कारखानदार यांच्या सहकार्याचे अपत्य होते. फौजेतून बाद झालेली अशी जुनी पाती निजामाच्या घोडदळाने उचलली. मद्रास इलाख्यात नोकरी केलेल्या कॅप्टन नोलनने १८५३ साली घोडदळावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने आश्चर्याने नमूद केले आहे, की इंग्रजांनी टाकून दिलेली हीच पाती या स्वारांच्या हाती भयंकर कापतात. आणि कारणे शोधता त्याला आढळले, की मूठ त्यांनी आपल्या रीतीने बदलली आहे, धार मुळापासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी राखली आहे, लोखंडी म्यानाऐवजी लाकडी म्यान वापरले आहे आणि लढाईखेरीज तलवार उपसायची नाही असा दंडक पाळला आहे.

मूठ बदलण्याची क्रिया क्षणभर नजरेसमोर आणावी. इंग्रजी तलवारीत पात्याचे शेपूट मुठीतून आरपार नेऊन शेंड्याशी ठोकून बसवलेले असे; ते मोडून, कापून आखूड करीत. देशी परज, म्हणजे मूठ, सबंध धातूची आणि आतून पोकळ. त्या पोकळीत लाख व राळ भरून, शेपूट तापवून आत दाबले, की लाख वितळून त्याला वेढा घाली आणि निवताच घट्ट धरून ठेवी. मूठ लहान आणि किंचित चपटी असल्यामुळे ती हातात फिरत नसे व धार नेमकी पडे. मग शिकलगाराची साण फिरे. ज्या पात्याला त्याच्या मायदेशी कोणी विचारीना, ते या दोन-तीन हातांतून जाऊन अजोड ठरे.

मला वाटते, संग्राहकाने खरे जपायला हवे ते हे सांध्याचे ठिकाण. पात्यावरची विलायती मुद्रा वाचून शस्त्राची किंमत ठरवणे सोपे. परंतु त्या मुद्रेचे पोलाद ज्याने उपयोगी केले त्याची ओळख मुठीच्या घडणीखेरीज कोठेच उरलेली नाही. मराठवाड्यातील ज्या घरांत खंडेनवमीला अशी एखादी तलवार पूजेस निघते, तेथील मंडळींना माझे कळकळीचे सांगणे आहे, की चकाकीच्या हौसेने चिंच व राख लावून ती घासू नये, कारण त्या घासण्याने कोफ्तगिरीचे सोने कायमचे जाते. आणि मूठ सैल झाली म्हणून ती काढून नवी बसवू नये, कारण त्या जुन्या लाखेत रुतलेले शेपूट हीच त्या अनाम कारागिराची सही आहे. गंध-फूल वाहताना पात्याबरोबर परजेलाही हात लागावा.