सर्पगंधेचें मूळ आणि मेंदूचें रसायन

नसलेलें दिसूं लागावें, कोणी न बोललेलें ऐकूं यावें, आपल्याच माणसांचा संशय वाटूं लागावा आणि कालपर्यंत शहाणासुरता असलेला मुलगा पाहतां पाहतां घरांतच परका व्हावा, ह्यासारखें दुःख कुटुंबावर क्वचितच कोसळतें. झुरिच येथील ब्लॉयलर नांवाच्या वैद्यानें १९०८ सालीं ह्या व्याधीस ‘स्किझोफ्रेनिया’ हें नांव दिलें. मराठींत तिला छिन्नमनस्कता म्हणतात. एका देहांत दोन माणसें वसतात असा त्याचा अर्थ नव्हे. विचार, भावना आणि कृति ह्यांचा परस्परांशीं असलेला सांधा निखळतो, एवढाच त्या नांवाचा आशय आहे.

ही व्याधि कां जडते, ह्या प्रश्नाला आपल्याकडे भूतबाधा, करणी किंवा दैवी कोप हें उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिलें गेलें. पाश्चात्यांनींही फार निराळें केलें असें नाहीं. फ्रीडा फ्रॉम-राइखमान ह्या नामांकित मानसवैद्य बाईंनीं १९४८ सालीं अमेरिकेंत ह्या रोगाचा ठपका रोग्याच्या आईच्या वागणुकीवर ठेवला, आणि तें मत तेथें बराच काळ प्रचलित राहिलें. इकडे भूत, तिकडे आई. दोष कोणाच्या तरी माथीं मारल्यावांचून समाधान नव्हतें. ह्या दोषारोपाला धक्का देणारें ज्ञान ज्या वाटेनें आलें, तिचा आरंभ भारतांतील एका लहानशा झुडपाच्या मुळांत आहे, आणि तिच्यावरील एक महत्त्वाचा मुक्काम मुंबईंत आहे.

तें झुडूप म्हणजे सर्पगंधा. वसईच्या १५३४ सालच्या तहानें मुंबई बेट पोर्तुगीजांकडे गेलें. पुढें तें ज्याला खंडानें मिळालें, तो गार्सिया द ओर्ता हा गोव्यांतील वैद्य. त्याच्या १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत सर्पविषावर उतारा म्हणून वापरावयाच्या मुळ्यांचें वर्णन आहे; त्यांपैकीं एक सर्पगंधेची असावी, असें कित्येक अभ्यासक मानतात. बिहार आणि बंगाल ह्या प्रांतांत तर ह्या मुळीला लोक सरळ ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखीत.

१९३१ सालीं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं ही मुळी उन्मादावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. त्याच सुमारास दिल्लींत सलीमुज्जमान सिद्दिकी ह्यांनीं तिच्यांतील कांहीं क्षारधर्मी द्रव्यें वेगळीं केलीं. तरीहि जगाचें लक्ष तिकडे गेलें नाहीं. तें वेधलें मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशीं संबंधित असलेल्या ह्या हृद्रोगतज्ज्ञानें रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. तो वाचून बोस्टनच्या डॉ. विल्किन्स ह्यांनीं हें औषध तेथें वापरून पाहिलें. रक्तदाब तर उतरलाच, पण रोगी शांत झाल्याचेंही त्यांच्या ध्यानांत आलें.

१९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहरांत ह्या मुळींतून ‘रेसर्पिन’ हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. १९५४ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन ह्यांनीं मानसरोग्यांवरील त्याचे परिणाम जाहीर केले. १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक वकील आणि क्लाइन ह्या दोघांनाही मिळालें. मध्यंतरीं १९५२ सालींच पॅरिसमध्यें ‘क्लोरप्रोमाझिन’ हें निराळें औषध मानसरोगांवर लागू पडलें होतें.

औषध लागू पडलें, पण कां? मेंदूंतील मज्जापेशी एकमेकींना प्रत्यक्ष चिकटलेल्या नसतात. मधल्या सूक्ष्म फटींतून निरोप पोंचविण्याचें काम रासायनिक दूत करतात. स्वीडनच्या आर्विद कार्लसन ह्यांनीं १९५७ सालीं सशांना रेसर्पिन दिलें; ससे निश्चल झाले. डोपामिन ज्यापासून बनतें तें द्रव्य त्यांना देतांच ते पुन्हा हालचाल करूं लागले. डोपामिन हा मेंदूंतील एक स्वतंत्र दूत आहे, हें त्यांतून पुढें सिद्ध झालें, आणि त्या कार्याबद्दल कार्लसन ह्यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रेसर्पिन दूतांचें कोठार रिकामें करतें, तर क्लोरप्रोमाझिन निरोप घेणाऱ्याचें दार लावून घेतें. उलटपक्षीं, डोपामिनचा जोर वाढविणारें ॲम्फेटामिन अतिप्रमाणांत घेतल्यास धडधाकट माणसालाही भास आणि संशय जडतात. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, तेव्हां डोपामिनच्या अतिरेकाचा सिद्धांत उभा राहिला.

परंतु सिद्धांत सोपा झाला म्हणजे रोग सोपा होत नाहीं. औषध कांहीं तासांतच दार बंद करतें, पण भास पूर्णपणें ओसरण्यास बहुधा आठवडे लागतात. भास थांबले तरी उत्साहाचा अभाव आणि भावनांची सुस्ती बरेचदां मागें उरते. क्लोझापिन हें औषध डोपामिनचें दार तुलनेनें सैलच लावतें, तरी इतर औषधें हरतात तेथें तें उपयोगी पडतें. सारख्या जुळ्यांपैकीं एकाला हा रोग झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असें नाहीं; म्हणजे आनुवंशिकता मोठी असूनही ती सर्वस्व नव्हे. ग्लुटामेटसारखे इतर दूत, मेंदूची वाढ आणि भोंवतालची परिस्थिति ह्यांचाही त्यांत वांटा आहे. स्वतः रेसर्पिन तर दुष्परिणामांमुळें मानसरोगांच्या उपचारांतून मागें पडलें. रसायन हा कथेचा एक मोठा अध्याय आहे. संपूर्ण ग्रंथ नव्हे.

तरीहि त्या अध्यायानें जें साधलें तें थोडें नाहीं. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालीं स्थापन झालें, आणि वसई-विरारचा मुलूख २०१४ पर्यंत त्याच जिल्ह्यांत मोडत असे. त्या रुग्णालयाच्या पहिल्या पन्नास वर्षांत रोग्याला संभाळणें आणि शांत ठेवणें ह्यापलीकडे वैद्याच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. आज बहुसंख्य रोगी औषधाच्या आधारानें घरींच राहूं शकतात. भूत उतरविण्याच्या मिषानें रोग्याला मारहाण करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें अपराध ठरला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रोग्याला साखळदंड घालण्यास मनाई केली.

कायदा साखळी काढूं शकतो. मनांतील ठपका काढणें हें घराचें काम आहे. ज्या आईनें मुलाच्या व्याधीबद्दल वर्षानुवर्षें स्वतःलाच दोष दिला, तिला एका झुडपाच्या मुळानें उत्तर मिळवून दिलें आहे. तें उत्तर अद्याप अपुरें आहे; पण अपराध तिचा नव्हे, एवढें सांगण्यापुरतें तें पुरेसें आहे.