अमेरिकेने एका वर्षात मुलांची गरिबी जवळपास निम्मी केली, मग ती पुन्हा का वाढली?

२०२० मध्ये अमेरिकेत १०० पैकी साधारण १० मुलं गरीब होती. २०२१ मध्ये हे प्रमाण ५.२ टक्क्यांवर आलं. तोवरचा हा सगळ्यात कमी आकडा होता, आणि तोही कोरोनाच्या काळात. पण २०२२ मध्ये प्रमाण थेट १२.४ टक्क्यांवर गेलं. एका वर्षात ५० लाखांहून जास्त मुलं गरिबीत ढकलली गेली.

या दोन वर्षांत नेमकं काय बदललं? यात सगळ्यात मोठा वाटा होता करातल्या एका सवलतीचा. तिचं नाव 'चाइल्ड टॅक्स क्रेडिट'.

चाइल्ड टॅक्स क्रेडिट म्हणजे काय?

घरात मूल असेल तर आईवडिलांना आयकरात ठरावीक रकमेची सूट, अशी ही साधी योजना आहे. १९९७ मध्ये बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना तिचा कायदा झाला. तेव्हा दर मुलामागे ४०० डॉलर मिळायचे. रक्कम वाढत वाढत २०१८ पासून २,००० डॉलर झाली.

आता यातली मेख बघा. करात सूट मिळायची तर आधी कर लागू व्हायला हवा. आपल्याकडेही ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही, त्याला आयकरातल्या वजावटींचा काही उपयोग नसतो. अमेरिकेने यावर अर्धा तोडगा काढला होता. कर लागत नसला तरी काही रक्कम खात्यात जमा व्हायची, पण ती कमाईवर अवलंबून होती. वर्षाला पहिले २,५०० डॉलर कमावले की त्यापुढच्या कमाईच्या १५ टक्के रक्कम मिळायची, आणि तीही एका मुलामागे जास्तीत जास्त १,४०० डॉलर.

जुन्या नियमात कोण मागे राहत होतं?

एक उदाहरण घेऊ. एकटी आई आहे, मुलं ३ आणि ८ वर्षांची. अर्धवेळ काम करून ती वर्षाला १०,००० डॉलर कमावते. अमेरिकेत ही कमाई अगदी तुटपुंजी आहे. तिच्या हातात येणारी रक्कम अशी: १०,००० मधून २,५०० वजा केले की उरतात ७,५००. त्याचे १५ टक्के म्हणजे १,१२५ डॉलर. दोन्ही मुलांचे मिळून.

शेजारच्या घरातही दोन मुलं आहेत. तिथे नवराबायको मिळून ६०,००० डॉलर कमावतात. त्यांना पूर्ण ४,००० डॉलर मिळतात. आणि ज्या आईचं काम सुटलंय, वर्षभरात काहीच कमाई नाही, तिला मिळतात शून्य डॉलर.

म्हणजे ज्या घराला गरज सगळ्यात जास्त, त्याच घराला मदत सगळ्यात कमी. कमाई कमी असल्यामुळे पूर्ण रक्कम न मिळणारी अशी सुमारे २.७ कोटी मुलं अमेरिकेत होती, असा अभ्यासकांचा अंदाज होता.

२०२१ मध्ये काय बदललं?

११ मार्च २०२१ रोजी जो बायडन यांनी 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन' या कायद्यावर सही केली. त्यात या योजनेत तीन बदल होते, तेही फक्त एका वर्षासाठी.

• रक्कम वाढली. ६ वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि ६ ते १७ वर्षांच्या मुलाला ३,००० डॉलर.
• कमाईची अट गेली. उत्पन्न शून्य असलं तरी पूर्ण रक्कम.
• पैसे महिन्याला मिळू लागले. जुलै ते डिसेंबर निम्मी रक्कम हप्त्यांनी, लहान मुलामागे महिना ३०० आणि मोठ्यामागे २५० डॉलर. उरलेली निम्मी पुढच्या वर्षी कर विवरणपत्र भरल्यावर.

आपल्या उदाहरणातल्या आईला १,१२५ ऐवजी ६,६०० डॉलर मिळणार होते. त्यातले ५५० दर महिन्याला, म्हणजे घरभाडं द्यायच्या वेळी हातात रोकड.

पहिला हप्ता १५ जुलै २०२१ ला आला आणि सुमारे ६ कोटी मुलांच्या घरांत पोहोचला. जनगणना विभागाच्या पाहणीत दिसलं की बहुतेक घरांनी हे पैसे किराणा, कपडे, शाळेचा खर्च, भाडं आणि कर्जाचे हप्ते यांवर वापरले. मुलं असलेल्या घरांमध्ये खायला पुरेसं नसल्याची तक्रारही कमी झाली.

गरिबी घटण्याचं श्रेय एकट्या या योजनेला देता येणार नाही. त्याच वर्षी सरकारने कोरोनाची थेट मदतही दिली होती. तरी जनगणना विभागाच्या हिशेबाने या क्रेडिटमुळे २०२१ मध्ये २९ लाख मुलं गरिबीच्या रेषेवर राहिली.

मग योजना बंद का झाली?

मुदत वर्षाचीच होती. ती वाढवायचं विधेयक नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं. पण सिनेटमध्ये दोन्ही बाजू ५०-५० होत्या, त्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षाला आपलं एकही मत गमावणं परवडणारं नव्हतं. त्याच पक्षाचे वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मॅन्चिन यांनी १९ डिसेंबरला नकार दिला. शेवटचा हप्ता चार दिवस आधी जमा झाला होता. जानेवारीत खात्यात काहीच आलं नाही.

विरोधकांचे दोन मुद्दे होते. एक, खर्च वर्षाला १०० अब्ज डॉलरहून जास्त. दुसरा, काम न करता पैसे मिळाले तर लोक काम सोडतील. शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी अंदाज मांडला होता की ही योजना कायम झाली तर सुमारे १५ लाख पालक नोकरी सोडतील. त्या सहा महिन्यांत इतर अभ्यासकांना कामावर मोठा परिणाम झाल्याचं दिसलं नाही. मात्र सहा महिन्यांचा अनुभव आणि कायमची योजना यांत फरक आहे, त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही.

आकडे वाचताना एक काळजी घ्या

याच काळातला दुसरा आकडा कुणी तुम्हाला दाखवेल: २०२१ मध्ये बालगरिबी १५.३ टक्के आणि २०२२ मध्ये १५ टक्के, म्हणजे जवळपास तेवढीच. हाही आकडा सरकारीच आणि खराच. पण तो १९६० च्या दशकातल्या पद्धतीने काढतात आणि त्यात करातली सवलत उत्पन्न म्हणून धरतच नाहीत. ५.२ टक्क्यांचा आकडा 'पूरक मापना'चा आहे. त्यात सवलती आणि अन्नाची मदत जमेला धरतात, कर आणि औषधोपचाराचा खर्च वजा करतात. घरात खरोखर किती पैसा उरला, हे त्यातून कळतं.

आज काय स्थिती आहे?

जानेवारी २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३५७ विरुद्ध ७० मतांनी एक छोटी सुधारणा मंजूर केली, पण ऑगस्टमध्ये ती सिनेटमध्ये अडली. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने रक्कम २,२०० डॉलर केली. आता निदान एका पालकाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक असणंही बंधनकारक आहे. मुलाकडे तो असण्याची अट आधीपासूनच होती. त्यामुळे तिथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांत अमेरिकेत जन्मलेल्या धाकट्याचं क्रेडिट मिळतं, पण भारतात जन्मलेल्या आणि अजून आश्रित व्हिसावर असलेल्या थोरल्याचं मिळत नाही.

कमाईची अट मात्र तशीच राहिली. ६०,००० डॉलर कमावणाऱ्या त्या जोडप्याला आता ४,४०० डॉलर मिळतात. १०,००० डॉलर कमावणाऱ्या आईला किती? गणित जुनंच आहे. १,१२५.

म्हणून मुलांसाठीच्या कुठल्याही योजनेची घोषणा ऐकली की फक्त रक्कम पाहू नका. सगळ्यात कमी कमावणाऱ्या घराला त्यातलं किती मिळतं, ते आधी विचारा.