अंबरनाथचे शिवालय : जीर्णोद्धार आणि जतन

पालेगावादी गावांच्या परिसरात, अंबरनाथ येथे वालधुनीच्या काठी उभे असलेले शिवालय हे उत्तर कोकणातील शिलाहार स्थापत्याचे प्रमुख उदाहरण होय. ते काळ्या पाषाणाचे व भूमिज शैलीचे असून त्याचे गर्भगृह मंडपाच्या पातळीहून बरेच खाली आहे. शिखराचा वरचा भाग आज शिल्लक नाही.

मंदिराच्या कालनिर्णयाचा मुख्य आधार उत्तरद्वारावरील शिलालेख हा आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातील शकांक ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा निश्चित केला. लेखात शिलाहार राजा मुम्मुणी व त्याचा ज्येष्ठ बंधू छित्तराज यांचे उल्लेख आहेत. छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शके ९४८ चा असल्याने दुसरे वाचनच इतिहासाशी जुळते. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. झिजलेल्या अक्षरावर कोणी नवी टाकी चालविली असती, तर ही दुरुस्ती कायमचीच अशक्य झाली असती.

'जीर्णोद्धार' आणि 'जतन' या शब्दांतील भेद येथेच स्पष्ट होतो. पहिल्यात वास्तू पुन्हा पूर्ण करण्याची आकांक्षा आहे. दुसऱ्यात उरलेले सांभाळण्याची. इंग्लंडमध्ये हाच वाद मठमंदिरांच्या निमित्ताने पेटला. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ ते १५४० या वर्षांत, तेथील मठ विसर्जित झाले. त्यांपैकी ट्यूक्सबरीच्या मठमंदिराचे नूतनीकरण होऊ लागले, तेव्हा विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये त्यास विरोध करून प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ संस्था स्थापिली. नूतनीकरणाने मूळ पुरावाच नष्ट होतो, हा त्याचा आक्षेप होता. भारतात १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा व जॉन मार्शल यांची १९२३ ची संरक्षणविषयक नियमपुस्तिका यांनी सामान्यतः हीच दिशा धरली.

तथापि अंबरनाथचा प्रश्न ट्यूक्सबरीच्या मापाने सर्वस्वी सुटत नाही. आपल्या परंपरेत जीर्णोद्धार हे पुण्यकर्म मानले गेले आहे, आणि महाशिवरात्रीस येथे लोटणारा भाविक शिखर पूर्ण व्हावे असे म्हणाला, तर ती मागणी अडाणीपणाची ठरत नाही. परंतु मूळ शिखराचा नेमका घाट सांगणारा पुरावा हाती नसता केलेली पूर्तता ही आजची कल्पना अकराव्या शतकाच्या नावे खपविणे होईल. पूजा अखंड चालावी, पडणारा दगड सावरावा, नदीचे प्रदूषण थांबवावे. शिखर मात्र अपूर्णच असू द्यावे. खंडित पाठात संपादक रिकामी जागा सोडतो, स्वतःचे शब्द भरत नाही. वास्तूच्या बाबतीतही हाच न्याय इष्ट होय.