जमा, नावे आणि हातउसने : रत्नागिरीच्या घरखर्चाचा इतिहास आणि खिशातली दोन कार्डं

रोजच्या खर्चाला डेबिट कार्ड वापरावं की क्रेडिट कार्ड, हा प्रश्न एरवी बँकेतल्या साहेबांना विचारायचा. आज आपण तो इतिहासाला विचारणार आहोत. कारण प्लास्टिकचं कार्ड नवं असलं, तरी त्यामागचा पेच रत्नागिरीतल्या घरांना निदान शंभर-सव्वाशे वर्षं ओळखीचा आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. आपल्या जुन्या कीर्द-खतावणीत दोन बाजू असतात, जमा आणि नावे. बँकेच्या पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा आणि डेबिट म्हणजे नावे. म्हणून पुष्कळांना वाटतं, क्रेडिट कार्ड म्हणजे जमेची बाजू! प्रत्यक्षात उलट आहे. इथे क्रेडिटचा अर्थ पत. डेबिट कार्डाने आपण आपल्याच खात्यातले पैसे त्याच क्षणी देतो. क्रेडिट कार्डाने दुकानदाराला बँक पैसे देते आणि आपण बँकेचं देणं लागतो.

उधारीसाठी मराठीत एकच शब्द नाही, हे आणखी महत्त्वाचं. शेजाऱ्याकडून चार दिवसांसाठी घेतले ते हातउसने, त्याला व्याज नाही. वाण्याकडे वहीत मांडून घेतली ती उधारी, तिचं व्याज बहुधा मालाच्या भावात लपलेलं. आणि सावकाराकडून घेतलं ते कर्ज, त्याचं व्याज उघड. या तिघांतला फरक लक्षात ठेवा. क्रेडिट कार्ड ही अशी एकच वस्तू आहे, जी हातउसन्यासारखी सुरू होते आणि ठरलेली तारीख चुकली की कर्ज होते.

मनिऑर्डरचं घर

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जुना रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात. तो वेगळा झाला 1981 मध्ये. डोंगराळ जमीन, खोतीचा भार, भात पुरायचं नाही. त्यामुळे घरटी एक तरी पुरुष मुंबईला. 1921 च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून जास्त होते. म्हणजे मुंबईतल्या दर पाच-सहा माणसांमागे एक आपला.

या माणसाचा आणि त्याच्या घराचा दुवा होती मनिऑर्डर. टपाल खात्याने मनिऑर्डरचं काम 1880 मध्ये हाती घेतलं आणि 1882 मध्ये टपालाची बचत बँक सुरू झाली. आता मनिऑर्डरचा स्वभाव बघा. पैसे आधी भरायचे, मग ते गावी पोचणार. नसलेले पैसे मनिऑर्डरीने जात नाहीत. म्हणजे ती डेबिट कार्डाची पणजीच म्हणायची. घरातली बाई पोस्टमनकडून रुपये घ्यायची आणि त्यातच मीठ-मिरची, सारा, मुलांची फी बसवायची. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण तिला कुणी शिकवावी लागली नाही. अंथरूण दर महिन्याला पोस्टमनच मोजून द्यायचा.

गिरणगावची वही

पण मनिऑर्डर पाठवणारा माणूस तिकडे मुंबईत कसा जगत होता? तो मात्र उधारीवर जगत होता. याचं कारण त्याच्या स्वभावात नव्हतं, पगाराच्या तारखेत होतं.

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने व्हायचा, आणि संपलेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर हातात पडायचा. नव्याने लागलेल्या माणसाला पहिला पगार बघायला सुमारे सहा आठवडे लागत. हे सहा आठवडे खायचं काय? म्हणून वाण्याची वही, खानावळवालीचं खातं आणि ते पुरलं नाही की गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी उभा असलेला पठाण सावकार.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिराझ यांचा तो अहवाल 1923 मध्ये छापला गेला. त्यात आढळलं की 47 टक्के कुटुंबं कर्जात होती आणि कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतकं होतं. व्याजाचा नेहमीचा दर रुपयामागे महिन्याला एक आणा. ऐकायला एक आणा किती किरकोळ! पण रुपयाचे सोळा आणे, म्हणजे महिना सव्वासहा टक्के, वर्षाला 75 टक्के. दर महिन्याच्या हिशोबात सांगितला की व्याजाचा दर नेहमी लहान दिसतो, हे ध्यानात ठेवू. पुढे लागणार आहे.

खानावळवालीची गोष्टही याच साखळीतली. ती कामगाराला महिनाभर उधार जेवू घालायची आणि त्यासाठी स्वतः वाण्याकडून उधार धान्य आणायची. कामगाराचा पगार लांबला की तिचं व्याज वाढायचं. ही साखळी तोडायला 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांची उधारी संपली असं नाही. महाग उधारीच्या जागी स्वस्त उधारी आली आणि तेवढ्यानेही घरं सावरली.

यातून काय निघतं? खर्च करण्याचा दिवस आणि पैसे हातात येण्याचा दिवस यांच्यामध्ये अंतर असतं. ते अंतर कोण भरून काढतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, यावर उधारी चांगली की वाईट हे ठरतं.

कायद्याने काय केलं

1875 मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कागदांवर होता. रोखे आणि खतं जाळली गेली, कारण कागदात काय लिहिलंय हे एकाच बाजूला ठाऊक होतं. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात ऋणकोला लेखी पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला गेला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांसाठी होता, आपल्यासाठी नव्हता. आज कार्डाचं मासिक बिल येतं, ते या हक्काचंच पुढचं रूप आहे. न वाचता ते डिलीट करणं म्हणजे जुन्या कुळांनी भांडून मिळवलेली गोष्ट फुकट घालवणं.

दुसरा कायदा 1936 चा, वेतन देण्याविषयीचा. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात दिवसांत आणि इतरत्र दहा दिवसांत पगार झाला पाहिजे, असं त्याने ठरवलं. म्हणजे सरकारने उधारीवर बंदी घातली नाही, ते मधलं अंतर कमी केलं.

आणि तिसरी आपली जुनी रूढी, दामदुपटीची. एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त नसावं, हा हिंदू धर्मशास्त्रातला नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयं मानत असत. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मात्र राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली. तेव्हा हा बांध आता आपला आपणच घालायचा आहे.

कार्ड आलं ते कुणासाठी?

अमेरिकेत 1950 मध्ये डायनर्स क्लबचं कार्ड निघालं, ते हॉटेलात जेवणाऱ्या व्यावसायिकांसाठी. 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकाने फ्रेस्नो शहरात लोकांनी न मागताच हजारो कार्डं टपालाने पाठवली. आपल्याकडे सेंट्रल बँकेने 1980 मध्ये क्रेडिट कार्ड आणलं आणि 1987 मध्ये मुंबईत देशातलं पहिलं एटीएम लागलं. डेबिट कार्ड घराघरांत पोचलं ते 2014 च्या जनधन खात्यांबरोबर, रुपे कार्डाच्या रूपाने. आणि 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. म्हणजे दुकानातल्या क्यूआर कोडवर आता रोखही चालते आणि उधारीही. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी त्या कोडवर नसते!

क्रेडिट कार्डाची घडण नीट बघा. खरेदीच्या तारखेनुसार साधारण 20 ते 50 दिवस बिनव्याजी मिळतात. बिल दर महिन्याला येतं. पूर्ण भरलं तर व्याज शून्य, म्हणजे हातउसने. ‘किमान रक्कम’ तेवढी भरली, तर राहिलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. दर पुष्कळदा महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात. तो रुपयामागचा आणा आठवा. साडेतीन गुणिले बारा, वर्षाला 42 टक्के. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क.

ही सगळी घडण महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार होणाऱ्या माणसाच्या मापाची आहे. आता रत्नागिरीचं वर्ष बघा. हापूसच्या बागायतदाराचा पैसा मुख्यतः मार्च ते मे या तीन महिन्यांत येतो. फवारणी, राखणदार, खोकी यांचा खर्च त्याआधी असतो. पूर्वापार तो वाशीच्या दलालाकडून उचल घेतो आणि पेट्या गेल्या की पट्टीतून ती वळती होते. मिरकरवाड्याच्या बंदरावर 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी दोन महिने बंद असते. या घरांत पैसा वर्षाच्या हंगामाने येतो आणि कार्डाचं बिल महिन्याने. पाऊस लांबला, मोहोर गळला, तरी बिलाची तारीख गळत नाही. म्हणजे गिरणगावातलं तेच अंतर, फक्त इथे ते सहा आठवड्यांचं नसून सहा-आठ महिन्यांचं आहे.

यावर उत्तर आधीच निघालेलं आहे, 1998 चं किसान क्रेडिट कार्ड. त्याची परतफेड पिकाच्या हंगामाला बांधलेली असते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राच्या योजनेत 7 टक्के व्याज आणि वेळेत फेडल्यास त्यात 3 टक्के सूट. पुढे मासेमारीलाही ते लागू झालं. गंमत म्हणजे नावात क्रेडिट असलं, तरी त्यासोबत मिळणारं रुपे कार्ड चालतं डेबिट कार्डासारखं.

मग निवड कशी करायची?

डेबिट कार्डाची एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. फसवणूक झाली तर पैसे आपल्या खात्यातून गेलेले असतात. क्रेडिट कार्डात वाद बँकेच्या पैशांवर सुरू होतो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच कुणी गैरप्रकार केला आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर बोजा येत नाही आणि दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून ऑनलाइन खरेदी, प्रवासाचं आरक्षण, हॉटेलची अनामत यांना क्रेडिट कार्ड बरं, पण महिन्याला बिल पूर्ण भरता येणार असेल तरच. दूध, भाजी, मासळी, वाणसामान यांना डेबिट किंवा खात्याला जोडलेलं यूपीआय. जे खाऊन संपतं त्याची उधारी संपत नाही, हे गिरणगावने पुरेसं दाखवलंय.

आणि ज्यांचं उत्पन्न हंगामी आहे त्यांनी रोजच्या खर्चाला क्रेडिट कार्ड घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हंगामाचं अंतर पीककर्जाने भरावं. घरखर्चासाठी मेमधल्या पैशाचे बारा वाटे करून दर महिन्याला एक वाटा वेगळ्या खात्यात टाकावा आणि त्याच खात्याचं डेबिट कार्ड वापरावं. थोडक्यात, स्वतःच स्वतःला मनिऑर्डर करावी.

तेव्हा कार्ड हातात घेण्याआधी एकच हिशोब मांडा: बिलाची तारीख आधी येते की पैशाची? पैसा आधी येत असेल तर ते हातउसने आहे, खुशाल घ्या. बिल आधी येत असेल तर ते कर्ज आहे, मग त्याला कर्जच म्हणा आणि स्वस्तात स्वस्त कुठे मिळतं ते शोधा.