दिसावं म्हणून: सायकलच्या दिव्याची गोष्ट

सायकलला दिवा कशाला लावायचा? तुम्ही म्हणाल, दिसावं म्हणून. पण कुणाला काय दिसावं? आपल्याला रस्ता दिसावा, की आपण दुसऱ्याला दिसावं? रस्त्यावरच्या रात्रीचा इतिहास हा माझा पीएचडीचा विषय (घरी अजूनही विचारतात, "म्हणजे नक्की काय करतेस?"), आणि त्यातलं निम्मं भांडण या एका प्रश्नावर आहे. जर्मनीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीने परवा विचारलं की हिवाळ्यात गावाबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्याने यायचं असतं, कुठला दिवा घेऊ? तिला थोडक्यात सांगितलं. तुम्हाला मात्र सगळं ऐकावं लागेल.

सुरुवात इंग्लंडमध्ये करू, कारण तिथे डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो आणि कारखान्यातून घरी जाणाऱ्याची रोजची वाट अंधारातच असते. पुढचं चाक भलंमोठं असलेल्या जुन्या सायकलींना बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासने तेलाचा दिवा केला. तो चाकाच्या आत, मधल्या आसाला टांगायचा. म्हणजे उजेड फिरत्या तारांमधून बाहेर यायचा! नाव मात्र 'किंग ऑफ द रोड', रस्त्याचा राजा. खड्डा आला की राजा विझायचा.

मग १८८८ साली ब्रिटनच्या स्थानिक स्वराज्य कायद्यात सायकलीला 'गाडी' म्हणून मान्यता मिळाली. ही मोठी गोष्ट होती. गाडी म्हटल्यावर रस्त्यावर हक्क आला, पण हक्कासोबत अट आली: सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयाआधी एक तासापर्यंत दिवा पेटता हवा. त्या कलमाची भाषा बघण्यासारखी आहे. दिवा किती प्रखर असावा याचा आकडा त्यात नाही. सायकल येते आहे याची सूचना मिळेल इतका असावा, एवढंच. म्हणजे कायद्याने ठरवून टाकलं की दिवा दुसऱ्यासाठी आहे. खड्डा तुमचा तुम्ही बघा.

खड्डा दिसेल असा उजेड आला तो कार्बाईडमुळे. हो, तेच कार्बाईड, बंदी असूनही आंबे पिकवायला वापरतात ते. १८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन विजेच्या भट्टीत अॅल्युमिनियम बनवण्याची खटपट करत होता, आणि हाती लागलं कॅल्शियम कार्बाईड स्वस्तात बनवण्याचं तंत्र. त्यावर पाणी पडलं की अॅसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढराशुभ्र जळतो. काही वर्षांतच सायकलचे दिवे यावर चालू लागले. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्यात कार्बाईडचे खडे, मध्ये थेंब सोडणारी बारीक चावी. पाणी जास्त सोडलं की ज्योत भडकायची, कमी सोडलं की मिणमिण. घरी आल्यावर आतला चुन्याचा चिखल खरवडायचा, लसणासारखा वास सहन करायचा. आणि कडाक्याच्या थंडीत, नेमकी गरज असताना, पाणी गोठायचं.

पुढचा दिवा असा सुधारत गेला. खरी मारामारी झाली मागच्या दिव्यावरून.

मोटारी वाढल्या तशी मागून धडक बसू लागली. मोटारवाल्यांचं म्हणणं, सायकलला मागे लाल दिवा सक्तीचा करा. वाचणाऱ्याला वाटेल, यात विरोध करण्यासारखं काय आहे? पण १८७८ पासूनची जुनी सायकलस्वार संघटना, सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब, हिने वर्षानुवर्षं कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा असा: आपल्या दिव्यात जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल इतक्याच वेगाने मोटार चालवणं हे चालकाचं काम. उद्या सगळ्या सायकलींना लाल दिवा लागला, की चालक लाल ठिपका शोधत सुसाट जाणार, आणि ज्याला दिवा नाही, म्हणजे पायी चालणारा माणूस किंवा वाटेत आलेली गाय, त्याला मारून वर म्हणणार, "मला दिसला नाही." दिवा विझलेल्या सायकलस्वाराचा मृत्यू मग त्याचीच चूक ठरणार. मला स्वतःला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही, पण त्यातली भीती खोटी नव्हती असं वाटतं.

१९२७ च्या कायद्याने तडजोड काढली: मागे दिवा नको असेल तर लाल रिफ्लेक्टर चालेल. १९३४ मध्ये मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा आला. मग दुसरं महायुद्ध. विमानहल्ल्यांच्या भीतीने रस्त्यावरचे दिवे बंद, मोटारींच्या दिव्यांवर झाकणं. १९३८ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ६,६४८ माणसं मेली होती; १९४१ मध्ये, पेट्रोल रेशनवर आणि मोटारी कमी असूनही, ९,१६९. तिथल्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आकडा. झाकलेल्या दिव्यात रिफ्लेक्टर चमकणार कसा? युद्धकाळात मागचा दिवा सक्तीचा झाला, आणि १९४५ च्या कायद्याने ती सक्ती कायमची केली. संघटना हरली.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. जर्मनीत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनामो सक्तीचाच होता: ६ व्होल्ट, ३ वॅट, त्यातले २.४ पुढे आणि ०.६ मागे. एवढ्या चिमूटभर विजेत भागवायचं म्हटल्यावर उजेड वाया घालवून चालत नाही. त्यामुळे तिथल्या दिव्यांचे आरसे असे घडले की झोत वरून कापलेला, सगळा रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. एलईडी आल्यावर त्याच ३ वॅटमध्ये लख्ख रस्ता दिसू लागला. म्हणून खोक्यावरचा लुमेनचा आकडा बघून भुलू नका. लुमेन म्हणजे एकूण किती उजेड निघतो. लक्स म्हणजे ठरावीक जागी किती पडतो. गोल टॉर्चसारखा दिवा निम्मा उजेड झाडांवर आणि समोरून येणाऱ्याच्या तोंडावर टाकतो. अंधाऱ्या रस्त्यासाठी कापलेल्या झोताचा दिवा घ्यायचा आणि जरा खाली झुकवून बसवायचा. रोज जायचं असेल तर चाकाच्या आसातला डायनामो उत्तम, आणि थांबल्यावरही काही मिनिटं जळत राहील असा मागचा दिवा. बॅटरीचा घेतलात तर थंडीत ती लवकर उतरते हे धरून चाला. लुकलुकणारा दिवा जर्मनीत चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतो.

आपल्याकडे 'दिसावं'चा तिसरा अर्थ होता: पोलिसाला दिसावं. साठ-सत्तरच्या दशकात पुण्यात सायकल चालवलेल्या कुणाही आजोबांना विचारा. दिवा नसला की चौकात हवालदार दिसताच टुणकन उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायला लागायचं. चालणाऱ्याला दिवा लागत नाही. डायनामो असला तरी टायरला घासून पायडल जड करतो म्हणून तो वर उचलून ठेवायचा, चौक आला की पाडायचा.

पण त्या इंग्लिश संघटनेचा प्रश्न मला खरा आठवतो तो आपल्या हिवाळ्यात, ऊसतोडणीच्या हंगामात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस मागे लोंबतोय, दिव्याचा पत्ता नाही. धडक झाली तर चूक कुणाची, यावर गावात दोन तट पडतात, आणि दोघांचे मुद्दे ब्रिटनमधल्या त्या वादातलेच असतात. हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्यांवर ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. रिफ्लेक्टर मात्र मागून उजेड पडला तरच चमकतो, आणि त्या रस्त्याने मागून येणारा बऱ्याचदा बिनदिव्याच्या सायकलवर असतो.