मनोरुग्ण आणि अनुबोधपट

रणांगणावर हात किंवा पाय गमावून आलेल्या शिपायाकडे लोक आदरानें पाहतात; ज्याचें शरीर धडधाकट पण मन मोडलेलें, त्याला मात्र तें भाग्य लाभत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंत असे शिपाई परतूं लागले, तेव्हां त्यांना काम देण्यास कारखानदार कचरूं लागले. ही भीति अनाठायीं आहे हें दाखविण्यासाठीं सैन्यानें जॉन ह्यूस्टन यांच्याकडे एका अनुबोधपटाचें काम सोपविलें. हे प्रसिद्ध दिग्दर्शक त्या वेळीं सैन्यांतच अधिकारी होते.

न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरच्या मेसन जनरल इस्पितळांत १९४५ सालीं हें चित्रण झालें. नट नाहींत, पाठ केलेले संवाद नाहींत; नव्यानें दाखल झालेले शिपाई आणि त्यांना प्रश्न विचारणारे डॉक्टर, एवढेंच. कोणाचे पाय कांहीं इजा नसतां लुळे पडलेले, कोणाची जीभ अडखळते, ओकिनावाच्या लढाईंतून आलेल्या एकाला तर आपलें नांवहि आठवत नाहीं. प्रेयसीचें छायाचित्र आल्याचें सांगतां सांगतां एक कृष्णवर्णीय शिपाई रडूं लागतो, आणि प्रेक्षकाला आपण येथें बसावें कीं उठून जावें असें होतें.

'लेट देअर बी लाइट' हा चित्रपट १९४६ मध्यें तयार झाला आणि लगेच सैन्यानें तो दडपला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयांत तो दाखविला जाणार होता. लष्करी पोलिसांनीं त्याची प्रतच उचलून नेली. कारण सांगण्यांत आलें तें रुग्णांच्या खासगीपणाचें. शिपायांनीं संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या, पण तीं पत्रें मागाहून नाहींशीं झालीं, असें ह्यूस्टन यांचें म्हणणें होतें. अमेरिकन शिपाई युद्धांतून अधिकच कणखर होऊन येतो ही दंतकथा सैन्याला जपावयाची होती, असेंहि ते म्हणत.

सैन्याचें कारण अगदींच पोकळ होतें असें नव्हे. ज्याला औषध टोचून किंवा मोहनिद्रेंत नेऊन बोलतें केलें आहे, आणि ज्याला वरिष्ठांचा हुकूम पाळण्याची संवय आहे, त्याच्या सहीला स्वेच्छेची सही कितपत म्हणावें? परंतु १९४८ मध्यें सैन्यानेंच त्याच विषयावर 'शेड्स ऑफ ग्रे' हा दुसरा चित्रपट काढला. त्यांत नट घेतले, ते सगळे गोरे. आणि आजाराचें मूळ युद्धापेक्षां बालपणांत दाखविलें. केवळ खासगीपणाच जपावयाचा असता तर इतका फेरफार कशाला? मूळ चित्रपट लोकांपुढें येण्यास १९८० चा डिसेंबर उजाडावा लागला. त्यांतहि एक उणीव आहेच. लुळा शिपाई घटकाभरांत उठून चालूं लागतो. हा कायमचा गुण नव्हे, असा इशारा निवेदनांत आहे, पण ध्यानांत राहतो तो चमत्कार.

हाच वाद वीस वर्षांनीं मॅसॅच्युसेट्स राज्यांत अधिक उग्र झाला. ब्रिजवॉटर येथील गुन्हेगार मनोरुग्णांच्या इस्पितळांत फ्रेडरिक वाइझमन यांनीं १९६६ मध्यें चित्रण केलें. पूर्वीं ते कायदा शिकवीत असत. त्यांच्या 'टिटिकट फॉलीज'मध्यें निवेदन नाहीं. उघड्या कोठड्यांत नग्न माणसें दिसतात. एका वृद्धाच्या नाकांत नळी घालून त्याला बळेंच अन्न भरविलें जातें, आणि मध्येंच त्याच्याच प्रेताची तयारी दिसते. परवानगी अधीक्षकानें दिली होती. वृद्धाची संमति विचारण्याजोगी अवस्थाच नव्हती. राज्य सरकारनें रुग्णांच्या अब्रूचें रक्षण करण्यासाठीं म्हणून न्यायालय गांठलें. अब्रूची ही आठवण त्यांना कपडे देतांना कां झाली नाहीं, असा प्रश्न सहज उठतो; तरी त्या वृद्धाची बाजू घेणारें तिसरें कोणी त्या भांडणांत नव्हतें, हेंहि खरें.

१९६८ मध्यें न्यायाधीशांनीं साऱ्या प्रती नष्ट करण्यास सांगितलें. १९६९ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें डॉक्टर, वकील, समाजसेवक, विद्यार्थी अशांनाच तो पाहण्याची मुभा दिली. १९६६ नंतर संस्थेंत बदल व सुधारणा झाल्या आहेत, असा खुलासाहि त्यांत घालण्यास फर्माविलें. सर्वांसाठीं तो खुला झाला १९९१ मध्यें. त्याच्या अखेरीस आधीं न्यायालयाचा हा हुकूम अक्षरशः पडद्यावर येतो, आणि मग खुलासा येतो, जवळजवळ हुकुमांतल्याच शब्दांत.