कापडावरील ठसा : एका हस्तविद्येची हकीकत

अलीकडे शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांतून एक छंद दिसूं लागला आहे. लिनोलियमचा किंवा रबराचा तुकडा घ्यावयाचा, त्यावर पान, फूल, मासा असें कांहीं कोरावयाचें, आणि तो ठसा रंगांत टेकवून रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर, ओढणीवर उमटवावयाचा. लहान मुलें हेंच काम बटाट्याच्या फोडीनें आणि आडव्या कापलेल्या भेंडीनें करितात. छंद निरुपद्रवी आहे, आनंददायक आहे. नवा मात्र नाहीं. ज्या विद्येचा हा धाकटा वंशज, तिनें एके काळीं तीन खंडांना वस्त्रें पुरविलीं, युरोपांतील दोन बलाढ्य राष्ट्रांना तिच्याविरुद्ध कायदे करावयास लाविलें, आणि शेवटीं तिचे जाणकार आपल्याच देशांत निरुद्योगी झाले. ती हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे, आणि तिचा आरंभ मी मंडणगडापासून करणार आहें.

मंडणगडच कां, असें कोणी विचारील. मंडणगड हें छापील कापडाचें पीठ होतें असा माझा दावा नाहीं. परंतु कोणतीहि कला केवळ कारागिराच्या ओसरीवर जन्मत नाहीं. तिला रान लागतें, पाणी लागतें, वाट लागते आणि बाजार लागतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या या तालुक्याच्या कडेनें वाहणाऱ्या सावित्री नदीवर या चारहि गोष्टी एका दृष्टिक्षेपांत दिसतात. सावित्री उगम पावते महाबळेश्वरीं, म्हणजे हिरड्याच्या रानांत. पोलादपूर, महाड ओलांडून ती खाडी होते आणि बाणकोटास समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबतें पूर्वीं महाडापर्यंत चढत, आणि घाटावरचा माल त्याच वाटेनें खालीं येई. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक खलाशानें ‘पेरिप्लस’ नांवाचें समुद्रवर्णन लिहिलें. त्यांत कल्याणच्या दक्षिणेस ‘मंदगोर’ नांवाचें बंदर सांगितलें आहे. तें म्हणजे हीच बाणकोटची खाडी असावी, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. त्याच ग्रंथांत तगर, म्हणजे आजचें तेर, येथून तऱ्हेतऱ्हेचें कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असल्याचाहि उल्लेख आहे. महाराष्ट्राचें कापड दोन हजार वर्षांपूर्वीं समुद्रापार जात होतें, एवढें यावरून निश्चित होतें.

आतां रानाकडे वळूं. सह्याद्रीच्या माथ्यावर हिरडा, उतारावर बेहडा, ऐन आणि धायटी, खालीं खैर, पळस आणि बारतोंडी. शहरी माणसास हीं नुसतीं झाडें. रंगाऱ्याच्या दृष्टीनें तें दुकानच होय. हिरड्याच्या फळांत तुरट द्रव्य भरपूर असतें. बारतोंडीच्या, म्हणजे आलाच्या, मुळांतून तांबडा रंग निघतो. पळसाच्या फुलांपासून होळीचा केशरी रंग होतो, हें सर्वांस ठाऊक आहेच. ऐनाच्या सालीच्या काढ्यांत कोळी लोक आपलीं सुती जाळीं मुरवीत, म्हणजे तीं खाऱ्या पाण्यांत लवकर कुजत नसत. आणि खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काढलेला कात तपकिरी रंग देई. हा कात काढणारी जमात ती कातकरी. तिचें नांवच तिच्या व्यवसायानें पडलें. एकोणिसाव्या शतकांत जंगलें सरकारी झालीं, खैर तोडण्यास बंदी आली, आणि या लोकांचा पिढीजात धंदा बुडाला. कापडावरील तपकिरी रेघ पाहतांना ज्यांनीं ती रानांत जाऊन शिजविली त्यांची आठवण आपणांस सहसा होत नाहीं, म्हणून येथें मुद्दाम केली.

आतां मूळ कृति. अनेकांची समजूत अशी कीं, ठशाला रंग लावावा आणि कापडावर दाबावा, कीं काम झालें. जुन्या पद्धतींत ठशानें जें उमटवीत तो बहुधा रंग नव्हेच! कोरें कापड धुवून, त्यांतील खळ काढून, तें हिरड्याच्या पाण्यांत भिजवीत. त्यानें त्यावर फिकी पिवळट छटा येई. मग एका ठशानें डिंकांत कालविलेली तुरटी उमटवीत. दुसऱ्या ठशानें लोखंडाचा गंज आणि गूळ यांचें अनेक दिवस आंबविलेलें पाणी, चिंचोक्याच्या खळींत दाट करून, उमटवीत. हें लोखंडी पाणी हिरड्याशीं मिळतांच काळें होई. तुरटी मात्र जवळजवळ अदृश्य राही. नंतर कापड वाहत्या पाण्यांत धुवावयाचें आणि आलाच्या किंवा मंजिष्ठाच्या मुळांच्या काढ्यांत उकळावयाचें. काढ्यांत धायटीचीं फुलें टाकीत, म्हणजे कोरी जमीन डागाळत नसे. जेथें तुरटी बसली असेल तेथेंच तांबडा रंग पक्का धरी. इतर ठिकाणचा धुण्यानें आणि उन्हानें निघून जाई. अदृश्य आकृति कढईंतून तांबडी होऊन वर येतांना पाहणें हा मोठा कौतुकाचा देखावा आहे. रसायनशास्त्राचें एक अक्षरहि न वाचलेल्या माणसांनीं ही क्रिया हजारों वर्षांपूर्वीं साधिली होती. मोहेंजोदडो येथें एका रुप्याच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा जो तुकडा सांपडला, तो मंजिष्ठाच्या जातीच्या मुळानें रंगविलेला आहे, असें परीक्षणांत ठरलें.

ठसा कोरणें ही स्वतंत्र विद्या. सागवान किंवा शिसवीसारखें घट्ट लांकूड घेऊन तें प्रथम घासून अगदीं सपाट करावें लागतें. आकृति रेखून झाली कीं नको तो भाग लहान पटाशीनें खोल काढितात. मोठ्या ठशास आरपार बारीक भोकें ठेवितात, म्हणजे आंत कोंडलेली हवा निघून जाते आणि छाप स्वच्छ येते. तयार ठसा तेलांत मुरवितात, म्हणजे तो पाण्यानें फुगत नाहीं कीं तडकत नाहीं. जितके रंग तितके ठसे: एक बाह्यरेषेचा, एक जमिनीचा, एक भरणीचा. हे सर्व एकाच जागीं नेमके बसावेत म्हणून कोपऱ्यांत एक सूक्ष्म ठिपका कोरलेला असतो. सगळें कसब त्या ठिपक्यावर!

महाराष्ट्रांत हें काम कोण करीत? रंगारी, भावसार, आणि केवळ निळीचे रांजण सांभाळणारे निराळी. पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभाशीं ज्यांचें नांव जोडलें जातें त्या भाऊसाहेब जावळे यांस ‘रंगारी’ हें उपनांव घरच्या शालू रंगविण्याच्या व्यवसायावरूनच मिळालें. खानदेशांतील फैजपूर हें गांव छापील कापडाबद्दल आणि गडद निळ्या व तांबड्या रंगांबद्दल प्रसिद्ध होतें. ज्याला आपण चीट किंवा छीट म्हणतों, त्याच शब्दावरून इंग्रजींतील ‘चिंट्झ’ हा शब्द निघाला.

ह्या छिटाचा प्रवास अचंबा वाटावा असा आहे. मिसर देशांत कैरोजवळील फुस्तात येथें मध्ययुगांतील गुजराती छापील कापडाचे पुष्कळ तुकडे सांपडले. सतराव्या शतकांत युरोपला या कापडाचें वेड लागलें, कारण तें धुतलें तरी रंग जात नसे. तेथील लोकर-रेशमाचे विणकर घाबरले. फ्रान्सनें १६८६ सालीं छापील सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनें प्रथम १७०० चा आणि पुढें १७२१ चा कायदा केला. ती बंदी १७७४ सालीं उठली. मध्यंतरीं युरोपियनांनीं आपली रीत शिकून घेतली. १७८३ सालीं टॉमस बेल यानें कोरीव रुळानें कापड छापण्याच्या यंत्राचा एकस्व हक्क मिळविला. पुढें १८६८ सालीं मंजिष्ठाचा तांबडा रंग जर्मनींत कृत्रिम रीतीनें तयार झाला, आणि १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आली. यंत्रानें ठसा गेला, रसायनानें रान गेलें. जो माल आपल्याकडून जात होता तोच उलट दिशेनें आपल्या बाजारांत येऊं लागला. मुंबई इलाख्यांतील रंगकामावर फॉसेट या अधिकाऱ्यानें १८९६ सालीं सरकारी प्रबंध लिहिला, तो ही विद्या अशी उतरणीला लागल्यावर.

याच काळांत सावित्रीच्या खाडींतून दुसरीच निर्यात सुरू झाली. ती माणसांची. मुंबईंत १८५४ सालीं पहिली कापड-गिरणी स्थापन झाली, आणि पुढें कित्येक दशकें गिरणी-कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा सर्वांत मोठा राहिला. जें यंत्र हातविद्येचें काळ झालें तेंच यंत्र कोंकणी कुटुंबांचें पोट भरूं लागलें. यंत्रास नुसते दोष देत बसणें म्हणून अन्यायाचें होईल. पण १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर, ज्यांत सुमारें अडीच लाख कामगार होते, त्या गिरण्याहि एकामागून एक मिटल्या. एकाच जिल्ह्यानें दोन शतकांत कापडाचा धंदा प्रथम हातांतून आणि मग यंत्रांतून निसटतांना पाहिला.

विद्या वांचविण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, यांनीं १८७२ सालींच स्वदेशीचें व्रत घेतलें. सयाजीराव महाराजांनीं १८९० सालीं बडोद्यास कलाभवन काढलें. तेथें त्रिभुवनदास गज्जर यांच्या मार्गदर्शनाखालीं रंगकामाचें शास्त्रीय शिक्षण मिळूं लागलें. मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास फासलेलें डांबर जेव्हां कोणास निघेना, तेव्हां तें काढून दाखविणारे रसायनज्ञ हेच. १९३० सालीं दांडीयात्रेच्या प्रसंगीं नंदलाल बोस यांनीं काठी घेऊन चाललेल्या गांधीजींची आकृति लिनोलियमवर कोरली. काळ्या जमिनीवरील त्या मोजक्या पांढऱ्या रेघा साऱ्या देशानें ओळखल्या. पुढें १९३६ सालीं काँग्रेसचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन भरलें तें फैजपुरास, म्हणजे रंगाऱ्यांच्याच गांवीं. आणि तेथील सजावट नंदलालबाबूंनींच केली. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झालें, आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनीं त्याची धुरा वाहिली.

आतां प्रश्न असा कीं, धंदा म्हणून जी विद्या खचली ती छंद म्हणून जगेल काय? माझें उत्तर सावध आहे. रविवारच्या दुपारीं चार रुमाल छापल्यानें कोणा रंगाऱ्याच्या घरची चूल पेटत नाहीं. छंद हा धंद्याचा वारस होऊं शकत नाहीं. तथापि तो एक वेगळें काम करूं शकतो: तो पारखी घडवितो. ज्यानें स्वतः एक ठसा कोरला, त्याला कोपऱ्यांतील तो ठिपका दिसूं लागतो. हातछाप म्हणून खपविलेलें यंत्रछाप कापड त्याला चटकन ओळखतां येतें. दोन छापांच्या जोडावरील किंचित चूक त्याला दोष वाटत नाहीं, हाताची खूण वाटते. आणि मुख्य म्हणजे कारागिरानें सांगितलेली किंमत ऐकून तो घासाघीस करीत नाहीं. पारखी गिऱ्हाईक नाहींसें झालें, तेव्हांच या विद्येचा अर्धा ऱ्हास झाला होता.

म्हणून हा छंद अवश्य करावा. मात्र थोडा मुळापासून करावा. बाजारी रंगाच्या बाटलीवर न थांबतां एकदां काष्ठौषधींच्या दुकानांतून हिरडा, तुरटी आणि मंजिष्ठ आणून जुनी कृति करून पाहावी. हळदीचा रंग सुंदर असला तरी उन्हांत उडतो, हें लक्षांत ठेवावें. मोरचूद वगैरे विषारी द्रव्यें घरीं वापरूं नयेत, आणि रंगाचीं भांडीं स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळूं नयेत. अक्षरें कोरावयाचीं तर उलटीं कोरावींत. मुलांना या कामास बसवावें, कारण लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं मुठीनें पावलें उमटविणारीं आणि देवघरांत गोपीचंदनाच्या मुद्रा पाहिलेलीं आपलीं घरें ठशाला परकीं नाहींत. त्यांना कृतीबरोबर ही हकीकतहि सांगावी: हा रंग कोणत्या रानांतून आला, तो कोणी शिजविला, कोणत्या खाडीनें तो गेला, आणि तो करणाऱ्यांचें पुढें काय झालें. रुमाल कालांतरानें विरेल. ही माहिती मात्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेली पाहिजे.